पोराला आयटीआयला घालू का? कोल्हापूरच्या पालकांसाठी एक सविस्तर उत्तर

दहावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतले पालक विचारतात, “पोराला आयटीआयला घालू काय?” काही वर्षांपूर्वी हा प्रश्न दबक्या आवाजात यायचा आणि तो बहुतेक मार्क कमी पडलेल्या मुलाबद्दल असायचा. आता चांगले मार्क मिळवलेल्या मुलांबद्दलही तो येतो, आणि पुष्कळदा घरात विषय मुलानंच काढलेला असतो. आजूबाजूला काय चाललंय ते त्यानं बघितलेलं असतं. थोरला चुलतभाऊ इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन पुण्यात नोकरी शोधतोय, वर शैक्षणिक कर्जाचे हप्ते आहेत. गल्लीतला टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर काम करणारा, मात्र शिरोलीत स्वतःचं मशीन टाकून जॉबवर्क करतोय.

मुलांची ही ओढ मला मनापासून चांगली वाटते. पण नुसतं “हाताला काम मिळेल” एवढ्यावर निर्णय घेतला तर फसगत होते. एकाच आयटीआयमधून, एकाच ट्रेडमधून बाहेर पडलेली दोन मुलं दहा वर्षांनी अगदी वेगळ्या जागी असतात. एक जण मशीन लावतो, ड्रॉइंग वाचतो, चार माणसांना काम शिकवतो. दुसरा अजून कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो आणि दिवसभर तोच जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, त्याच मशीनवर चढवत-उतरवत असतो. सर्टिफिकेट दोघांचं सारखंच. फरक कुठं पडतो, हे आधी समजून घेतलं तर ट्रेड, आयटीआय आणि पहिला कारखाना निवडणं पुष्कळ सोपं जातं.

इथं काम कसलं चालतं

कोल्हापूरचा कारखानदारीचा कणा म्हणजे फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आणि तिच्या पाठोपाठ येणारं मशिनिंग. शहरातलं शिवाजी उद्यमनगर, बाहेर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, सगळीकडे हेच. ट्रॅक्टर, ट्रक, मोटारी, पंप, इंजिनं यांचे ओतीव भाग इथं बनतात. शिवाय साखर कारखान्यांना फिटर, वेल्डर, बॉयलर अटेंडंट लागतात, इचलकरंजीच्या मागांना दुरुस्ती करणारे लागतात.

एक साधा ओतीव भाग किती हातांतून जातो बघा. आधी पॅटर्न, म्हणजे त्या भागाचा लाकडी किंवा धातूचा नमुना. त्यावर वाळू दाबून साचा. भाग आतून पोकळ हवा असेल तर आत ठेवायला वाळूचा कोअर. मग भट्टीतलं वितळलेलं लोखंड साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास साच्यात ओतायचं. थंड झालं की साचा फोडायचा, फेटलिंगमध्ये जादाचं लोखंड घासून काढायचं, मशीनवर मापात आणायचं, तपासायचं.

यातली पहिलीच पायरी घेऊ. ग्रे कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणजे ३०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न सुमारे ३०३ मिलिमीटरचा करावा लागतो. शिवाय जिथं मशीनवर कापायचं आहे तिथं दोन-तीन मिलिमीटर जादा ठेवायचे, आणि पॅटर्न वाळू न पाडता वर निघावा म्हणून बाजूंना थोडा उतार द्यायचा. पॅटर्नमेकरच्या डोक्यात हे सगळे हिशेब एकाच वेळी चालू असतात. “गणित जमत नाही, म्हणून आयटीआय” असं आपण सहज बोलून जातो. पॅटर्नशॉपमध्ये एक तास उभं राहिल्यावर ते वाक्य तोंडातून पुन्हा निघणार नाही.

बटण दाबणारा आणि मशीन लावणारा

सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं मशीन. त्यावर काम करणारे तीन पायऱ्यांवर असतात. ऑपरेटर जॉब बांधतो, दार लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, झालेला जॉब काढतो. सेटर नवीन जॉबसाठी मशीन तयार करतो: टूल कुठलं, जॉब कसा धरायचा, शून्य कुठं घ्यायचं. प्रोग्रॅमर ड्रॉइंग बघून मशीनला समजतील अशा आज्ञा लिहितो. लहान कारखान्यात सेटर आणि प्रोग्रॅमर एकच माणूस असतो. पगारातला, मानातला आणि नोकरीच्या भरवशातला खरा फरक पहिल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे.

ऑपरेटरचं काम हुशार मुलगा थोड्याच दिवसांत शिकतो. म्हणूनच त्याच्या जागी दुसरा माणूसही तितक्याच लवकर आणता येतो, आणि पुढंमागं जॉब चढवणारा रोबोटही. सेटरचं काम असं चटकन येत नाही.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण कौशल्य या शब्दाचा अर्थ त्यात दिसतो. समजा ५० मिलिमीटरचं भोक करायचं आहे आणि ड्रॉइंगवर ५० एच ७ लिहिलंय. याचा अर्थ भोक ५०.००० ते ५०.०२५ मिलिमीटर यांच्या मध्ये कुठंही चालेल. त्यापेक्षा लहान नको, मोठं नको. ०.०२५ मिलिमीटर म्हणजे २५ मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केससुद्धा बहुधा याच्या दुपटीहून जाड असतो.

आता मशीन सकाळपासून चालू आहे, हत्यार हळूहळू झिजतंय. झिजलेलं हत्यार कमी कापतं, त्यामुळे भोक लहान होत जातं. सेटर मोजतो आणि झीज भरून काढायला मशीनमध्ये ऑफसेट देतो. इथवर ठीक. पण जॉब मशीनमधून काढल्या काढल्या गरम असतो, आणि गरम पोलाद फुगलेलं असतं. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब २० अंशांनी जास्त गरम असेल तर तो साधारण ०.०२३ मिलिमीटर मोठा मोजला जातो. घाईत गरम जॉब मोजणारा म्हणतो, “बरोबर आलंय.” तोच जॉब रात्री थंड होतो आणि सकाळी तपासणीत लहान भरतो. तेवढ्या वेळात पाळीतले सगळे जॉब तसेच निघालेले असतात. सेटर जॉब थंड होऊ देतो, किंवा गरम मापातून किती वजा करायचं हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं.

इथं मशीन सारखं, प्रोग्रॅम सारखा, मायक्रोमीटर सारखा. फरक पडला तो समजेमुळे. हातकाम म्हणतात त्यातलं सगळ्यात महाग कौशल्य हे असं असतं: काय मोजायचं, कधी मोजायचं, आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा. वेल्डरचं तेच, इलेक्ट्रिशियनचंही तेच. मोटर का जळली हे शोधणारा वेगळा आणि जळलेली मोटर बदलून देणारा वेगळा.

मग आपण पालक म्हणून विचारायचा प्रश्न एवढाच उरतो. ही समज मुलाला कोण शिकवणार आहे, आणि कुठं?

आयटीआयची शिडी

देशात आयटीआयचं शिक्षण ज्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतं ती १९५० पासूनची आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, टूल अँड डाय मेकर, मेकॅनिकल ड्राफ्ट्समन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, प्लंबर, फौंड्रीमन, कोपा म्हणजे संगणक चालवण्याचा अभ्यासक्रम, हे एका वर्षाचे. बहुतेक ट्रेडना दहावी पास लागतं. वेल्डर, वायरमन अशा काहींना आठवी पासही चालतं. शेवटी देशभर एकच परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, ज्याला सगळे एनटीसी म्हणतात.

आयटीआय झालं की शिक्षणाची दारं बंद झाली, असा समज गावाकडं अजून पक्का आहे. तो खरा नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. भाषा विषयाची परीक्षा देऊन राज्य मंडळाकडून बारावीची समकक्षताही मिळते, म्हणजे पुढं पदवीचा किंवा बारावीची अट असलेल्या भरतीचा रस्ता राहतो. शिकवायची आवड असेल तर आयटीआय निदेशक होण्यासाठीचं वर्षाचं प्रशिक्षण आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला आणि रेल्वेच्या सहाय्यक लोको पायलट, टेक्निशियन या पदांना आयटीआयवाले अर्ज करतातच.

या शिडीनं वर जाणारी मुलं कॉलेजात गेल्यावर चमकतात ती प्रॅक्टिकलमध्ये. गणितात मात्र त्यांना मेहनत पडते. दहावीनंतर दोन वर्षं बीजगणिताशी संबंध सुटलेला असतो आणि डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाचं गणित समोर येतं. डिप्लोमाचा विचार असेल तर आयटीआयच्या दुसऱ्या वर्षापासूनच मुलाला गणिताची उजळणी करायला लावा. हे मी कळकळीनं सांगतो, कारण चांगली हाताची मुलं इथं अडकलेली बघून वाईट वाटतं.

अप्रेंटिसशिप: खरं शिक्षण इथं होतं

आयटीआयमध्ये मुलगा मशीन ओळखतो. कामाची समज येते ती कारखान्यात. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. फिटरसारखा दोन वर्षांचा ट्रेड झालेल्याला साधारण एक वर्ष अप्रेंटिसशिप करता येते. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. त्यापेक्षा लहान, पण किमान चार माणसं असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. कोल्हापुरात लहान युनिटं पुष्कळ असल्यानं हा फरक लक्षात ठेवावा.

अप्रेंटिसला पगार मिळत नाही, विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये ठरवले. त्याहून जास्त द्यायला कारखान्याला मुभा आहे, आणि चांगले कारखाने देतात. केंद्राच्या २०१६ पासूनच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, इतका वाटा सरकार उचलतं आणि तो आता थेट उमेदवाराच्या बँक खात्यात येतो. म्हणून खातं आधारशी जोडलेलं असणं आणि नावातलं स्पेलिंग सगळीकडे सारखं असणं महत्त्वाचं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला ऑपरेटर, असा वापर होतो. वर्षभर एकाच मशीनवर उभं केलं जातं आणि वर्ष संपलं की त्याच जागी नवा अप्रेंटिस येतो. यात कायद्याचा हेतूच मारला जातो आणि मुलाचं वर्ष वाया जातं. उलट चांगल्या कारखान्यात त्याला टूलरूम, मेंटेनन्स, तपासणी अशा विभागांत फिरवतात, हातात ड्रॉइंग देतात, जुन्या मिस्त्रीबरोबर जोडतात.

हे आधी कसं ओळखायचं? रुजू होण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार का? वर्षभरात कुठकुठल्या विभागांत फिरवणार? गेल्या वर्षीचे अप्रेंटिस आता कुठं आहेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना एचआरवाला अडखळला तर समजून जा. त्याच कारखान्यात गेल्या वर्षी असलेल्या मुलाला गाठून विचारलं तर आणखी बरं. कोल्हापुरात असा मुलगा शोधायला दोन फोन पुरतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दोन-तीन हजार कमी मिळाले तरी शिकवणारा कारखाना घ्यावा. ज्यांच्या घरी त्या दोन-तीन हजारांवर किराणा चालतो त्यांना हे सांगणं सोपं नाही, हेही मला समजतं. अशा घरातल्या मुलानं निदान एवढं करावं: पाळी संपल्यावर सेटरबरोबर अर्धा तास थांबायची परवानगी मागावी आणि ती सोडू नये.

अप्रेंटिसशिप संपून नोकरी लागली की हिशेब बदलतो. तेव्हा हातात येणाऱ्या रकमेइतकंच हेही बघायचं की कंपनीच्या पटावर घेतात की कंत्राटदाराच्या, पीएफ आणि ईएसआय भरतात का, आणि ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं देतात का.

आयटीआय कुठली आणि ट्रेड कुठला

शहरात कळंबा रोडला शासकीय आयटीआय आहे, बहुतेक तालुक्यांतही आहेत, आणि खासगी पुष्कळ. खासगी असेल तर तिची केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी, म्हणजे डीजीटीशी, संलग्नता आहे का, आणि ती तुम्हाला हव्या त्याच ट्रेडसाठी आहे का, हे बघा. एका ट्रेडची संलग्नता दुसऱ्याला लागू होत नाही.

मग वर्कशॉपमध्ये जा. इमारतीच्या रंगाकडं बघू नका. लेथखाली ताज्या चिप्स, म्हणजे कापलेल्या लोखंडाचा कीस, पडल्यात का, हे बघा. वेल्डिंगच्या केबिनमध्ये इलेक्ट्रोडचे वापरलेले तुकडे आहेत का? चिप्स नाहीत म्हणजे लोखंड कापलं जात नाही, म्हणजे मुलं नुसती बघतायत. साहित्याला पैसे खर्च होतात आणि काटकसर सगळ्यात आधी तिथंच केली जाते. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात, हेही पाहून या.

ट्रेडबद्दल सगळे पहिला प्रश्न विचारतात तो इलेक्ट्रिशियनचा. ट्रेड चांगलाच आहे, पण वायरिंगची कामं करायची तर तारतंत्री म्हणजे वायरमनचा परवाना लागतो, आणि स्वतंत्रपणे कामं घ्यायची तर विद्युत ठेकेदाराचाही. ते काढायला आळस करणारे पुष्कळ आहेत आणि मग ते कायम दुसऱ्याच्या लायसनवर काम करत राहतात.

आपल्या जिल्ह्याची मागणी पाहिली तर मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय मेकर आणि फौंड्रीतली कामं यांत माणसं कमी पडतात. फौंड्रीत मोल्डिंग आणि फेटलिंगला आज मोठ्या प्रमाणात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आहेत. कामाच्या जागी उष्णता, धूळ, आवाज असल्यानं आपली मुलं तिथं जायला कचरतात. यात मुलांना आळशी म्हणणं अन्याय आहे. वाळूतली बारीक सिलिका वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस होतो, आणि झालेलं फुफ्फुसाचं नुकसान भरून येत नाही. म्हणून फौंड्रीत जाणाऱ्या मुलानं धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे का आणि योग्य मास्क मिळतो का, हे पाहायलाच हवं. नुसता रुमाल बांधून सिलिका अडत नाही. त्याच फौंड्रीत वाळूची प्रयोगशाळा असते, धातूचं रासायनिक प्रमाण तपासणारा स्पेक्ट्रोमीटर असतो, मेथड, म्हणजे लोखंड साच्यात कुठून आणि कसं ओतायचं ते, ठरवण्याचं काम असतं. फौंड्रीमन ट्रेड आणि त्यावर डिप्लोमा केलेला मुलगा तिथवर पोहोचू शकतो, आणि त्या जागांना जाणती माणसं सहज मिळत नाहीत.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हे सगळं बुडेल का, असंही विचारतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड लागत नाहीत, त्यामुळे फक्त त्यावर जगणाऱ्या कारखान्यांना बदलावं लागेल. ट्रॅक्टर, पंप, ब्रेकचे भाग, हब यांना ओतकाम लागतच राहील. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर एकच दक्षता घ्यायची: शिक्षण एका भागाशी बांधून घेऊ नये. ब्लॉक घासता येणारा अडचणीत येईल. माप, ड्रॉइंग, फिक्स्चर (जॉब धरायची चौकट) आणि प्रोग्रॅम समजणारा ब्लॉकवरून मोटरच्या आवरणावर जाईल.

मुलींबद्दल स्वतंत्र सांगतो. शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. तरी घरचे त्यांना शिवणकाम किंवा कोपाकडंच ढकलतात. सीएनसी, मेकॅनिकल ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्स आणि मापन तपासणीच्या कामात अंगाच्या ताकदीपेक्षा एकाग्रता लागते. अडचण खरी आहे ती दुसरीच: रात्रपाळी आणि एमआयडीसीतून घरी येण्याची सोय. ती कारखान्याला आधीच विचारा. बस देणारे कारखाने आहेत.

राहिला लग्नाचा विषय, जो या सगळ्या चर्चेत मोठ्यानं कुणी काढत नाही आणि मनात सगळ्यांच्या असतो. “कारखान्यात जाणाऱ्याला मुलगी कोण देणार?” ही भीती खरी आहे. आणि ती मुलांनी निर्माण केलेली नाही. आपणच सोयरीक जुळवताना सेटरचं काम काय असतं हे न विचारता ‘कामगार’ म्हणून वही मिटतो. हे आपल्यालाच बदलावं लागेल, आणि सुरुवात आपल्या घरातल्या मुलींच्या सोयरिकीपासून करता येईल.

प्रवेशाचं थोडक्यात. महाराष्ट्रात आयटीआयचे अर्ज ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं भरले जातात आणि दहावीच्या गुणांवर यादी लागते. पसंतीक्रम भरताना पुष्कळ जण चुकतात. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. त्यामुळे “बघू, टाकून ठेवू” म्हणून नको असलेला ट्रेड पहिल्या क्रमांकावर लिहू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या, दाखले आधी काढून ठेवा, आणि पसंतीक्रमाची यादी नेटकॅफेत बसून न भरता घरी कागदावर तयार करून मगच जा.